‘ग’च्या खालचं शेपूट

लोणावळ्यात ‘बंगल्यावर असते’ एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. माळी, रखवालदार, धुणंभांडी करणारी, स्वयंपाकाची, ही सगळी माणसं बंगल्यावर असतात. ज्यांचे बंगले आहेत ती माणसं मात्र बंगल्यावर नसतात, ती मुंबईला असतात. माझी आई एकतीस वर्षं बंगल्यावर आहे. तुंगार्लीतला तोच बंगला, तेच काम, बदलत गेलं ते फक्त कामाचं नाव.

पहिल्या मालकीणबाई तिला ‘बाई’ म्हणायच्या आणि ती त्यांना ‘बाईसाहेब’. दोघींत फरक काय तो एका ‘साहेब’चा. फोनवर मैत्रिणीशी बोलताना बाईसाहेब ‘आमची मोलकरीण’ म्हणत, पण समोर कधी नाही. त्यांची सून ‘कामवाली’ म्हणायची. नातवंडं ‘मावशी’ म्हणायची आणि मावशीकडूनच भरवून घ्यायची. मग बंगला विकला गेला. नवा मालक शनिवार-रविवार तो पाहुण्यांना भाड्याने देऊ लागला आणि बंगल्याचा व्हिला झाला. आता पाहुणे तिला ‘दीदी’ म्हणतात, ‘आंटी’ म्हणतात. एक जण दोन दिवस नुसताच टिचकी वाजवत होता. त्याच्या चहात आईने साखर घातली नाही.

नव्या मालकाने तिला हुद्दाही दिला. संध्याकाळी घरी आली ती पिशवी ठेवायच्या आधीच म्हणाली, “मला केरटेकर केलं.” मी मराठीची शिक्षिका. चुकीचा शब्द कानावर पडला की माझा हात आपोआप लाल पेन शोधतो. मी ‘केअरटेकर’ सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सात खोल्यांचा केर रोज तीच काढते. तिच्याइतकी खरी केरटेकर लोणावळ्यात दुसरी नसेल.

शिक्षिका म्हणजे मीही ‘बाई’च. कामशेतला आम्ही राहतो, लग्नानंतरही मी आईजवळच राहिले, तिथून वडिवळ्याच्या बाजूला एका गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. शहरातल्या बाईंच्या केव्हाच मॅडम झाल्या, आमच्या गावाने अजून बाई सोडलेली नाही. त्यामुळे सकाळी आमच्या एकाच घरातून दोन बाया निघतात, एक लोणावळ्याच्या गाडीला आणि एक वडिवळ्याच्या जीपला. घरच्या फोनवर कुणी “बाई आहेत का?” विचारलं की आई शांतपणे उलट विचारते, “कुठली? पाढ्यांची का भांड्यांची?” घरात मी या विनोदावर दर वेळी हसते. शाळेत मात्र तो मी कधी कुणाला सांगितला नव्हता. का नाही, तेच सांगायला बसले आहे.

पाचवीत आमच्या वर्गशिक्षिकांनी एकेकाला उभं करून आईवडिलांचा व्यवसाय विचारला होता. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं, “आई गृहिणी.” तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्याला हळदीकुंकवाचा वास होता. वडील तोवर गेले होते, म्हणजे आमच्या घरात व्यवसाय एकच होता आणि तो आईचा. मी उभी राहिले आणि म्हणाले, “आई गृहिणी.” बाईंनी लिहून घेतलं. आभाळ काही कोसळलं नाही. एकदा जमलं की खोटं पुढे आपणहून चालत राहतं. पाचवीच्या माहितीपत्रकात गृहिणी, दहावीच्या अर्जात गृहिणी, डी.एड.च्या अर्जात गृहिणी, लग्नाच्या वेळी दिलेल्या माहितीतही गृहिणी. सासरच्यांना खरं ठाऊक होतं आणि त्यांचं काही म्हणणं नव्हतं, तरी कागदावर मी तेच लिहिलं. या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स आईने एका साडीच्या दुकानाच्या जाड पिशवीत जपून ठेवल्या होत्या, कपाटात पांघरुणांच्या खाली. पोरीचे कागद आहेत, कधी लागतील सांगता येत नाही, असं ती म्हणायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते.

वर्गात दर वर्षी समानार्थी शब्द शिकवताना ‘दासी’ येतो. दासी, बटीक, सेविका, परिचारिका असं फळ्यावर लिहीत जायचं. एका वर्षी एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, दासी म्हणजे कामवाली का?” मी म्हटलं, “तसंच काहीसं,” आणि घाईने पुढच्या शब्दावर गेले. पुढचा शब्द ‘दूध’ होता, दुग्ध, पय, क्षीर. एरवी एका शब्दावर तास घालवणारी मी त्या दिवशी दुधापर्यंत धावत गेले.

मग दोन वर्षांपूर्वी शाळेत प्रौढांचा साक्षरता वर्ग घ्यायचं ठरलं. मंगळवार-बुधवार, शाळा सुटल्यावर तासभर. भातलावणी उरकलेल्या गावातल्या बायका यायला तयार झाल्या, पण आकडा दोनने कमी पडत होता. मुख्याध्यापक म्हणाले, कुणी ओळखीतलं असेल तर आणा. घरी मी सहज बोलून गेले. व्हिल्यावर मधल्या वारी गर्दी नसते, आई दुपारीच मोकळी होते. तिने दुसऱ्याच दिवशी आपली ठेवणीतली हिरवी साडी इस्त्री करून दाराच्या खिळ्याला लावली आणि विचारलं, “पाटी घेऊन यायची का वही?” नोंदणीचा तक्ता मुख्याध्यापकांसमोर भरताना व्यवसायाच्या रकान्यात माझ्या हाताने सवयीने गृहिणी लिहिलं.

वर्गातल्या बायकांपासून काही लपलं नाही. पहिल्या दिवशी मी खडू आणायला गेले तेवढ्यात त्यांनी आईला सगळं विचारून घेतलं होतं: कुठं जाता, किती खोल्या, जेवण मिळतं का, पाहुणे त्रास देतात का. ठाऊक नव्हतं ते फक्त शाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांना. वर्गात आई मला सगळ्यांसारखंच ‘बाई’ म्हणायची. पहिल्या दिवशी मला कसंसंच झालं. ती म्हणाली, शाळेत शाळेसारखं वागावं, आणि तिथल्या तिथे माझ्या टेबलावरची धूळ पदराने पुसली. तेवढं मात्र तिला शेवटपर्यंत सुटलं नाही.

आई हुशार निघाली. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, वीस वर्षं पहिलीपासूनचे वर्ग घेतलेली बाई म्हणून सांगते. दोन महिन्यांत ती जोडून वाचायला लागली आणि मग तिने घरात काही शिल्लक ठेवलं नाही. मिठाची पिशवी वाचली, कॅलेंडरची मागची बाजू वाचली, औषधाच्या बाटलीवरचं ‘हलवून घ्या’ वाचलं आणि इतकी वर्षं न हलवता प्यायलो म्हणून हळहळली. स्टेशनावर ‘कामशेत’ वाचलं तेव्हा तिला वाटलं, पाटी आपल्यासाठीच लावली आहे. एकदा घरी आली ती मोठ्याने हसतच. व्हिल्याच्या फाटकावर पाटी आहे, ‘चौकशीसाठी केअरटेकरला भेटा’. ती म्हणाली, “मधी एक अ हाय बघ. तरीच म्हनलं, चौकशीला केर काडनारीला भेटायला का सांगत्यात?” त्या एका ‘अ’साठी ती आठवडाभर खुशीत होती. तरी स्वतःला केरटेकरच म्हणत राहिली. तो अ मालकाचा आहे, म्हणाली.

मलाही आनंद होत होता, खोटं कशाला बोलू. पण तिने पंचांग संपवून विजेच्या बिलाला हात घातला त्या दिवशी मी हिशोब केला. घरातले कागद संपत आले होते. आता राहिली होती पांघरुणांखालची पिशवी.

ती पिशवी हलवावी असं मनात आलं होतं. एकदा कपाटासमोर उभीही राहिले. पण आईने तीस वर्षं सांभाळलेली वस्तू तिच्याच घरातून चोरायची, हे काही मला जमलं नाही. मग मी दुसरी चोरी केली, आणि ती शिक्षिकेला शोभणारी नव्हती. मी वर्गात ऋकार शिकवायचा टाळला. बाराखडीत तो येत नाही, त्यामुळे सोपं गेलं. काना झाला, मात्रा झाली, वेलांट्या, उकार, रफार झाला, अगदी जोडाक्षरं झाली. ‘ग’च्या खाली ते वळण न कळणाऱ्या माणसाला ‘गृहिणी’ वाचता येत नाही. एवढ्या एका शेपटावर माझी अब्रू लोंबकळत होती.

पण ऋकार असा गप्प बसणारा नाही. ‘कृपया’ प्रत्येक पाटीवर असतं. वर्गातली एक आजी, वडिवळे धरणाच्या काठावर तिची भातखाचरं आहेत, ती एके दिवशी उठून म्हणाली की ‘क’च्या खाली शेपूट असतं त्याला काय म्हणायचं ते बाईंनी अजून सांगितलं नाही. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात मी पत्रलेखन काढलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात उजळणी. तेव्हा आजींनी सरळ मुख्याध्यापकांना गाठलं आणि बाई शेपूट शिकवत नाहीत अशी तक्रार केली. मुख्याध्यापक मला म्हणाले, “परीक्षा तोंडावर आली, ऋकार राहिलाय म्हणे?” माझ्या नोकरीत माझ्याविरुद्ध झालेली ही एकमेव तक्रार, आणि ती शंभर टक्के खरी.

शिकवला. पण इथेही लबाडी केली. कृपया, वृक्ष, मृग, तृण, एवढंच फळ्यावर लिहिलं. ‘ग’ला हात लावला नाही. आई पहिल्या बाकावर बसून ओठ हलवत लिहीत होती.

पुढच्या मंगळवारी तालुक्याला बैठक होती, म्हणून वर्ग नव्हता. बैठक लवकर सुटली आणि मी दुपारीच घरी आले. आई खाली सतरंजीवर बसली होती. चष्मा नाकावर, समोर माझे सगळे कागद, पाचवीपासूनचे, ओळीने मांडलेले. तिने मान वर केली नाही. बोट एका रकान्यावर होतं. “कृ, वृ, मृ,” ती हळूहळू म्हणाली, “मग ह्यो गृ. गृ-हि-णी.” नियम कळला की न शिकवलेला शब्दही वाचता येतो, हे आम्ही प्रशिक्षणात ऐकतो. ते समोर घडताना पाहून माझ्यातल्या बाईला अभिमान वाटला आणि माझ्यातल्या मुलीला जमीन दुभंगावी असं वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं, म्हणून मी चप्पल घातलेलीच उभी राहिले.

तिने विचारलं, गृहिणी म्हणजे काय. मी म्हटलं, घर सांभाळणारी. “कुनाचं?” तिने विचारलं. मी म्हटलं, स्वतःचं. ती पुढच्या कागदाकडे गेली, मग त्याच्या पुढच्या. सगळीकडे तोच शब्द होता. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हिशोब तपासावा तशी एकेक कागद बघून बाजूला ठेवत होती. शेवटी चष्मा काढून म्हणाली,

“खोटं न्हाई लिवलंस. पर आर्दं लिवलंस. मी दोन घरं सांबाळली.”

मला रडू आलं. मी पाचवीपासून सगळं सांगितलं, त्या पुढच्या बाकावरच्या मुलीसकट. आईने पाणी दिलं. तिला वाईट वाटलं होतं, तसं ती म्हणालीही. त्या बंगल्यावरच्या कामावर मी शिकले, आणि तेच काम कागदावर नाही, म्हणजे मग इतकी वर्षं ती गेली कुठे होती, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मग काय लिहायला हवं होतं? तिने विचार केला. केरटेकर तर आत्ताचं. बाई म्हणजे कुणीही. मावशी म्हणजे नातं झालं, काम नाही. आणि मग म्हणाली, बाईसाहेब फोनवर म्हणायच्या तो शब्द कसा लिहितात, मोलकरीण?

मी लगेच दुरुस्तीला धावले. म्हटलं, तो शब्द आता चांगला मानत नाहीत, आम्ही मुलांना घरकामगार म्हणायला शिकवतो, मदतनीस म्हणायला शिकवतो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुमी बदला गं तुमचं. मला त्यातलं मोल आवडतंय. फुकट न्हाई राबले मी. गृहिणीला कोन मोल देतंय?” इतकी वर्षं मी समानार्थी शब्द शिकवत आले, पण ‘मोलकरीण’च्या पोटात ‘मोल’ आहे हे कधी थांबून पाहिलं नव्हतं. मला तो शब्द ऐकला की फक्त खाली झुकलेली पाठ दिसायची.

कागद आम्ही दोघींनी मिळून पिशवीत भरले. संध्याकाळी तिने पिठलं केलं आणि मी भांडी घासली, तिने घासू दिली. त्या रात्री मला छान झोप लागली. पाचवीपासूनचं एक ओझं उतरलं, पण अर्धंच, कारण आईला कळलं होतं, शाळेला नाही.

परीक्षा रविवारी होती. रविवार म्हणजे व्हिल्याचा गर्दीचा दिवस. आईने मालकाला फोन करून सांगितलं की माझी परीक्षा आहे, येणार नाही. त्याला वाटलं रक्ताबिक्ताची तपासणी असेल, त्याने काळजीने कुठला दवाखाना ते विचारलं. आईने सांगितलं, मराठीची. तो हसला नाही, शुभेच्छा दिल्या. एवढं त्याच्या खात्यावर जमा धरायला हवं.

चौथीच्या वर्गात छोट्या बाकांवर अकरा बायका आणि दोन आजोबा गुडघे मोडून बसले होते. पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेतले होते. मी पेपर वाटायला, पाणी द्यायला होते. मुख्याध्यापक दारात खुर्ची टाकून बसले होते. शेवटचा प्रश्न होता, स्वतःविषयी चार ओळी लिहा: नाव, गाव, काम, आवड. आईची पेन्सिल तिसऱ्या ओळीवर थांबली. मी खिडकीपाशी होते. मला कळलं ती कुठे अडली आहे, आणि मी मनात म्हटलं, केरटेकर लिही, काहीही लिही.

तिने हात वर केला. “बाई, मोलकरीणमधली री पयली का दुसरी?”

पर्यवेक्षक म्हणाले, आजी, परीक्षेत असं विचारायचं नसतं. मुख्याध्यापक दारातून कौतुकाने म्हणाले, “मोलकरणीवर लिहिताय होय? तुमच्याकडे आहे का मोलकरीण?” ते चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी तक्त्यावर जे वाचलं होतं त्यावरूनच विचारलं. वर्गातल्या बायकांनी पेन्सिली थांबवल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि आता त्या माझ्याकडे बघत होत्या. आईही हात वर धरून माझ्याकडे बघत राहिली. उत्तर तिला येत असावं, असं मला आता वाटतं. तेव्हा तसं वाटलं नाही.

मी म्हटलं, “सर, माझी आई मोलकरीण आहे. तक्त्यात मी चुकीचं लिहिलंय, ते दुरुस्त करते.” ते सगळ्यांना ऐकू गेलं. मग मी तिच्या बाकाजवळ गेले.

“दुसरी, आई.”

परीक्षेत उत्तर फोडलं म्हणून मला उद्या कुणी जाब विचारला तर तो गुन्हा मला कबूल आहे. आईने खाली बघून दुसरी वेलांटी काढली, वरच्या रेघेवरून चांगली लांब वळवून, आणि ‘ण’ लिहून माझ्या टेबलाची धूळ पुसावी तसा कागदावरून एकदा पदर फिरवला.